मे महिन्याच्या नावाचा रस्ता

रस्त्यांवरच्या आपल्या मालिकेत मागच्या वेळी आपण रुंदीकरणाबद्दल बोललो आणि दुसऱ्याच दिवशी एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "रस्त्याला जागा लागते हे कळतं हो, पण लागते तेवढीच घेतात का? उरलेल्याचं काय करतात?" याचं उत्तर शोधताना आम्ही भलतीकडेच जाऊन पोचलो. पार दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्सला. हाच प्रश्न तिथे एका बाईने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कोर्टात विचारला होता. ज्या रस्त्यापायी विचारला, तो रस्ता आज त्या शहराचं भूषण मानला जातो.

आमच्यापैकी कुणीही तिथे गेलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. रेडिओच्या खोलीतल्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला, पुस्तकं आणि फोटो जमवले आणि महिनाभर रोज दुपारी त्या रस्त्यावर फिरलो. आज तुम्हालाही नेतो.

रस्त्याचं नाव आवेनिदा दे मायो, म्हणजे मे महिन्याचा रस्ता. 25 मे 1810 रोजी या शहराने स्पेनच्या राजाच्या व्हाइसरॉयला बाजूला सारून स्वतःचं सरकार बसवलं, त्याची ही आठवण. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पूर्वेच्या टोकाला प्लासा दे मायो हा चौक आणि त्याच्या कडेला राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, तर पश्चिमेच्या टोकाला घुमटाची संसद. म्हणजे हुकूम काढणारे एका टोकाला, कायदे करणारे दुसऱ्या टोकाला आणि मधे रस्ता. कुठलाही मोर्चा निघाला की तो बहुधा इथूनच जातो.

हा रस्ता जुन्या शहरात नव्हताच. स्पॅनिश लोकांनी वसवलेल्या शहराच्या गल्ल्या बुद्धिबळाच्या पटासारख्या, सरळ आणि अरुंद. शहराचे पहिले महापौर तोरकुआतो दे आल्वेआर यांना मात्र पॅरिससारखा झाडांचा, रुंद रस्ता हवा होता. 1884 मध्ये त्यासाठी कायदा झाला. आधीची एखादी गल्ली रुंद करायची नाही, दोन समांतर गल्ल्यांच्या मधल्या घरांच्या ओळीतूनच नवा, साधारण 30 मीटर रुंदीचा रस्ता काढायचा, असं ठरलं. नकाशावर ही रेघ ओढायला किती सोपी! प्रत्यक्षात ती लोकांच्या परसातून, विहिरीवरून, माजघरातून जात होती.

कायद्यात आणखी एक मेख होती. ज्या मालमत्तेला रस्ता शिवेल ती सगळीच्या सगळी पालिकेने घ्यायची. रस्त्यापुरती जागा वापरायची आणि उरलेले तुकडे नव्या रस्त्याच्या वाढलेल्या भावाने विकून रस्त्याचा खर्च भागवायचा. हिशोब चोख होता. फक्त भाव वाढल्याचा फायदा मूळ मालकाऐवजी पालिकेला जाणार होता.

इसाबेल आर्मस्ट्राँग दे एलोर्तोंदो यांना हे मान्य नव्हतं. त्यांची मालमत्ता या रेषेत येत होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रस्त्याला लागते तेवढी जागा घ्या, मोबदला द्या, उरलेली माझी आहे. पालिका विरुद्ध इसाबेल एलोर्तोंदो हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1888 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सार्वजनिक कामाला प्रत्यक्ष लागते तेवढीच जमीन सरकार घेऊ शकतं, त्यापुढे जाणारी कायद्यातली तरतूद राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयाने सांगितलं. संसदेने केलेल्या कायद्याची तपासणी न्यायालय करू शकतं, हे अर्जेंटिनात ज्या निकालांनी पक्कं केलं त्यांतला हा एक. तिथे कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना आजही इसाबेलबाईंचं आडनाव पाठ असतं.

आता एवढं ऐकून आमच्यातल्या एकीने टाळ्या वाजवल्या. दुसरी म्हणाली, "थांब जरा. ती श्रीमंत घरची होती म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या घरांतून भाड्याने राहणाऱ्यांचं काय?" बरोबर आहे तिचं. खटल्याला इसाबेलबाईंचं नाव आहे. भाड्याच्या खोलीतून चूल आणि पोरं घेऊन उठलेल्या बाईचं नाव अशा निकालपत्रांत येत नाही. तरीही आम्हाला वाटतं, इतक्या मोठ्या रस्त्याचं काम चाललेलं असताना "तेवढंच घ्या" एवढं ठणकावून सांगणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

पालिकेचा हिशोब कोलमडला, काम रेंगाळलं. आल्वेआर 1890 मध्ये वारले, त्यांना रस्ता पाहायला मिळाला नाही. 9 जुलै 1894 रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तो वाहतुकीला खुला झाला.

चला, पूर्वेकडून चालायला लागू. पहिल्याच कोपऱ्यावर काबिल्दो, म्हणजे स्पॅनिश काळातली नगरसभा. 1810 च्या मे महिन्यातली ती गाजलेली सभा इथेच भरली होती, आणि तिच्यात एकही बाई नव्हती. ज्या घटनेचं नाव या रस्त्याला दिलं, त्याच घटनेच्या वास्तूचा एक भाग रस्त्यासाठी पाडावा लागला. दर्शनी बाजूला 11 कमानी होत्या. 1889 मध्ये या रस्त्यासाठी उत्तरेकडच्या तीन गेल्या, 1931 मध्ये दुसऱ्या रस्त्यासाठी दक्षिणेकडच्या तीन. आता पाचच उरल्या आहेत. इमारत मधेच संपल्यासारखी दिसते ती त्यामुळे.

थोडं पुढे 'ला प्रेन्सा' या वर्तमानपत्राची 1898 ची आलिशान इमारत लागते. तिथे आता सांस्कृतिक केंद्र आहे. माथ्यावर हातात दिवा घेतलेली अथेना देवी उभी आहे. पुतळ्यांच्या रूपात बायकांना उंच जागा मिळायला कुठेच अडचण येत नाही, ही आमची आपली एक नोंद.

त्यापुढे कॅफे तोर्तोनी. हा 1858 चा. त्याचं दार पूर्वी मागच्या रिवादाविया रस्त्यावर होतं. नवा रस्ता नेमका पिछाडीतून गेला, म्हणून 1898 मध्ये त्या बाजूला नवा देखणा दर्शनी भाग बांधण्यात आला. म्हणजे इमारतीची पाठ होती तिथे तोंड आलं. 1926 पासून या कॅफेच्या तळघरात लेखक, चित्रकार, गायकांची मैफल भरायची. तिथे कविता वाचणाऱ्यांत आल्फोन्सिना स्तोर्नी होत्या. लग्नावाचून झालेल्या मुलाला एकटीने वाढवणाऱ्या, शिक्षिकेची आणि ऑफिसातली कामं करत लिहिणाऱ्या, आणि पुरुषांच्या दुटप्पीपणावर सरळ बोट ठेवणाऱ्या कवयित्री. 1938 मध्ये त्यांनी समुद्रात आयुष्य संपवलं. आज कॅफेत बोर्हेस आणि गायक गार्देल यांच्याबरोबर त्यांचाही पुतळा टेबलाशी बसलेला आहे. प्रवासी शेजारी बसून फोटो काढतात.

या रस्त्यावर स्पेनहून आलेल्या लोकांची वस्ती दाट होती. त्यांची हॉटेलं, नाटकघरं, कॅफे, सगळं इथेच. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा तिचे पडसाद इथे उमटले. एकाच चौकातल्या एका कॅफेत प्रजासत्ताकवाले बसत, दुसऱ्यात फ्रँकोवाले, आणि बातमी आली की खुर्च्या उडत. त्याआधी, 1933 च्या ऑक्टोबरात, कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का या शहरात आले आणि याच रस्त्यावरच्या कास्तेलार हॉटेलात काही महिने राहिले. 'आवेनिदा' नाट्यगृहात लोला मेम्ब्रिव्हेस या अभिनेत्रीने त्यांचं नाटक गाजवलं. परत गेल्यावर 1936 च्या जूनमध्ये त्यांनी 'बेर्नार्दा आल्बाचं घर' लिहून पूर्ण केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

आपल्यापैकी काहींना ही गोष्ट ओळखीची वाटेल. गोविंद निहलानींचा 'रुक्मावती की हवेली' हा चित्रपट याच नाटकावरून केलेला आहे. नवरा मेल्यावर आई दारं लावून घेते आणि पाच मुलींना घरात कोंडून ठेवते. रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. हे नाटक फ्रँकोच्या स्पेनमध्ये होणं शक्य नव्हतं. देश सोडून आलेल्या अभिनेत्री मार्गारिता शिर्गू यांनी त्याचा जगातला पहिला प्रयोग याच रस्त्यावरच्या 'आवेनिदा' नाट्यगृहात केला, 8 मार्च 1945 रोजी. त्या तारखेला महिला दिन मानण्याची तिथे तेव्हा पद्धत असो वा नसो, आम्ही ती वहीत लाल शाईने लिहून ठेवली.

पुढे बारोलो इमारत येते. 1923 ची, शंभर मीटर उंच. मालक कापडाचा व्यापारी, वास्तुविशारद इटलीचा. कवी दान्तेच्या महाकाव्याप्रमाणे खाली नरक, मधे शुद्धिलोक, वर स्वर्ग आणि सर्वांत वर दीपगृह, अशी तिची रचना आहे. प्रवाशांच्या पुस्तकांत तिच्यावर पानंच्या पानं असतात. आम्ही पुढे निघतो, कारण संसदेजवळ आमचं काम आहे.

संसदेची इमारत 1906 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी पुतळे करायचं काम लोला मोरा या शिल्पकार बाईकडे होतं. उत्तरेकडच्या तुकुमान प्रांतात वाढलेली, रोममध्ये शिकलेली ही बाई. पायघोळ झग्याने परातीवर चढता येत नाही म्हणून ती कामाला विजार घालून यायची आणि लोक कामापेक्षा विजारच बघायचे. आधी तिने संगमरवराचं एक मोठं कारंजं घडवलं होतं. ते प्लासा दे मायोत, म्हणजे या रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला बसवायचं घाटत होतं. पण त्यातल्या जलकन्या उघड्या अंगाच्या, आणि समोर कॅथेड्रल. ओरड झाली, म्हणून 1903 मध्ये ते दुसरीकडे बसवलं आणि 1918 मध्ये तिथूनही उचलून नदीकाठी, शहराच्या कडेला नेलं. संसदेसमोरचे पुतळेही काही वर्षांत टीका करून काढून टाकले आणि दूर हुहुई प्रांतात पाठवून दिले. रस्त्याच्या दोन्ही टोकांना या बाईच्या कामाला जागा मिळाली नाही. 1936 मध्ये ती गरिबीत वारली. संसदेसमोर तिच्या पुतळ्यांच्या प्रतिकृती बसवल्या गेल्या त्या 2014 मध्ये.

आणि संसदेच्या आत? तिथली गोष्टही अशीच लांबलेली. 1911 मध्ये हुलिएता लान्तेरी या डॉक्टर बाईंच्या लक्षात आलं की शहराच्या मतदार नोंदणीत कर, व्यवसाय, शिक्षण अशा अटी आहेत, पण मतदार पुरुषच असावा असं कुठे लिहिलेलं नाही. त्यांनी नाव नोंदवलं आणि 26 नोव्हेंबरला मत देऊन आल्या. दक्षिण अमेरिकेत बाईने दिलेलं ते पहिलं मत मानतात. पुढे नियम बदलला: लष्करी सेवेच्या नोंदवहीत नाव हवं. लान्तेरीबाई तिथेही गेल्या, म्हणाल्या, मग माझं नाव लष्करात घाला. घातलं नाही, हे सांगायला नकोच. सगळ्या बायकांना मत देणारा कायदा झाला तो 1947 मध्ये. 23 सप्टेंबरला प्लासा दे मायोत गर्दीसमोर एव्हा पेरोन यांच्या हाती त्याची प्रत देण्यात आली. 1951 मध्ये देशातल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि 23 जणी खालच्या सभागृहात, सहा जणी वरच्या सभागृहात निवडून गेल्या. लान्तेरीबाई मात्र 1932 मध्येच मोटारीच्या धडकेने वारल्या होत्या.

पाय दुखले असतील तर परत जाताना भुयारी रेल्वेने जाऊ. रस्त्याच्या पोटातून ती 1 डिसेंबर 1913 पासून धावते. लॅटिन अमेरिकेतली ही पहिली भुयारी रेल्वे. बेल्जियममध्ये बनलेले तिचे लाकडी डबे, हाताने उघडायची दारं, आत दिवे आणि आरसे, हे सगळं थेट 2013 च्या जानेवारीपर्यंत रोजच्या वापरात होतं. शेवटचं स्टेशन प्लासा दे मायो. इथून वर यायचं.

चौकाच्या मधे एक पांढरा टोकदार स्तंभ आहे, त्याला 'पिरामिड' म्हणतात. भोवतीच्या फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. त्यांच्यासाठीच आम्ही तुम्हाला इथवर परत आणलं.

24 मार्च 1976 ला लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर माणसं नाहीशी व्हायला लागली. विद्यार्थी, कामगार संघटनेतले लोक, शिक्षक, गरोदर मुली. रात्री गाडी यायची, माणूस न्यायची आणि पुढे कुठल्याही दप्तरात त्याची नोंद नसायची. पुढे सरकारी आयोगाने 8,900 हून जास्त माणसांची नोंद केली, मानवी हक्क संघटना 30,000 म्हणतात. आया पोलीस ठाण्यात जात, छावण्यांवर जात, मंत्रालयाच्या रांगेत उभ्या राहत, लष्कराच्या पाद्र्याला भेटत. सगळीकडे एकच उत्तर: माहीत नाही. मात्र त्या रांगांत त्यांना एकमेकींचे चेहरे ओळखीचे झाले.

त्यांतल्या एक असुसेना व्हिजाफ्लोर. कामगार कुटुंबातल्या, पूर्वी कारखान्याच्या कचेरीत टेलिफोनवर काम केलेल्या, वय 53, चार मुलांच्या आई. त्यांचा मुलगा नेस्तोर आणि त्याची जोडीदार राकेल यांना 1976 च्या नोव्हेंबरात नेलं होतं. एकेकटीने दारं ठोठावून काही होणार नाही, चौकात जाऊ, सरळ राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, असं त्यांनी सुचवलं. 30 एप्रिल 1977 रोजी 14 जणी जमल्या. तो शनिवार निघाला. कचेऱ्या बंद, चौक रिकामा, बघायला कुणी नाही! आमच्याकडे हे वाचताना हसू आलं आणि लगेच गळाही दाटला. मोर्चा काढायची सवय नसलेल्या बायका त्या. मग शुक्रवार ठरला. त्यांतल्या एकीला शुक्रवार अशुभ वाटला, म्हणून गुरुवार. वेळ दुपारी साडेतीन.

आणीबाणीत घोळका करून उभं राहायला बंदी होती. पोलीस येऊन म्हणाले, थांबायचं नाही, चालत राहा. बरं, म्हणून त्या दोघी-दोघी हातात हात घालून चालायला लागल्या, गोल गोल, त्या स्तंभाभोवती. थांबू नका हा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला आणि तोच मोर्चा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुहानच्या देवीच्या वारीला जायचं ठरलं. हजारोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? घरोघरी बाळांच्या लंगोटाचं पांढरं कापड जपून ठेवलेलं होतं, तेच डोक्याला बांधू, असं ठरलं. चौकातले ते रंगवलेले रुमाल म्हणजे मुळात लंगोट आहेत, मैत्रिणींनो.

त्यांच्यात एक सोनेरी केसांचा तरुण येऊ लागला. भाऊ नाहीसा झाला आहे म्हणायचा. आया त्याची काळजी करत. तो आल्फ्रेदो आस्तिस, नौदलाचा अधिकारी होता. 8 डिसेंबर 1977 ला सांता क्रूस चर्चमधून एस्तेर बायेस्त्रिनो, मारिया पोन्से आणि इतरांना उचलण्यात आलं. एस्तेरबाईंची गरोदर मुलगी त्याआधीच सुटून आली होती. आता तू घरी थांब, असं बाकीच्यांनी सांगितलं होतं, तरी इतरांची मुलं सापडेपर्यंत येत राहीन म्हणून त्या आल्या होत्या. दोन दिवसांनी, वर्तमानपत्रात नाहीशा झालेल्यांच्या नावांची जाहिरात आली त्या सकाळी, असुसेनाबाई पेपर आणायला बाहेर पडल्या आणि त्यांनाही नेलं. तिघींना विमानातून समुद्रात टाकण्यात आलं. लाटांनी देह किनाऱ्यावर आणले, ते बेवारस म्हणून पुरले गेले. ओळख पटली 2005 मध्ये. असुसेनाबाईंची राख त्या स्तंभाच्या पायथ्याशी पुरली आहे. आस्तिसला 2011 मध्ये जन्मठेप झाली.

पुढाऱ्या बायका नेल्यावर गुरुवार बंद पडेल असं नेणाऱ्यांना वाटलं असणार. बंद पडला नाही. पोलिसांनी चौक अडवला की चर्चमध्ये, पुन्हा चौकात, असं करत चालत राहिल्या. आज्या झालेल्यांनी कैदेत जन्मलेली नातवंडं शोधायला वेगळी संघटना काढली. आईबाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नातं सिद्ध करायची चाचणी शास्त्रज्ञांकडून करून घेतली. 130 हून जास्त नातवंडं आजवर सापडली. 1986 मध्ये आयांच्या संघटनेत मतभेद होऊन दोन गट झाले. गोष्ट गोड करण्यासाठी आम्ही हे लपवणार नाही. चौक मात्र दोघींनी सोडला नाही.

आता बहुतेक जणी गेल्या, उरलेल्या नव्वदीच्या पुढे आहेत. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी नातीच्या हाताला धरून. ब्युनॉस आयर्सचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे आहे. तिकडे गुरुवारी दुपारचे साडेतीन वाजतात आणि त्या चालायला लागतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बरोबर बारा वाजलेले असतात.